जेलमधून सुटून आल्यावर पहिली रांग कुठली? – वाचक विचारतात

मागच्या अंकात जामिनावर एक छोटंसं उत्तर दिलं होतं, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की संपादकांनी सांगितलं ह्या वेळचं सगळं सदर ह्याच विषयाला देऊन टाका. जवळपास प्रत्येकानं खाली लिहिलंय, ताई नाव छापू नका. नाही छापत. आपल्या इंदूरच्या मराठी समाजात रामबागेत शिंकलं तर लोकमान्य नगरात ऐकू जातं, मला माहीत आहे. मी वकिली करते त्यामुळे कायद्याचं सांगेनच, पण ह्यातले अर्धे प्रश्न कोर्टाचे नाहीतच, नगर निगमच्या वॉर्ड आणि झोनचे आहेत, आणि खरा माणूस अडकतो तो तिथंच.

प्रश्न : माझा धाकटा दीर सात वर्षांनी सेंट्रल जेलमधून शिक्षा पूर्ण करून घरी आलाय. पहिले आठ दिवस नुसता झोपून होता, आता कामाला लागायचं म्हणतो पण जिथं जातो तिथं आधार मागतात, आधार आहे पण ओटीपी येत नाही, रेशनमधून नाव कटलंय, बँकवाले म्हणतात खातं बंद. समग्रमध्येही नाव दिसत नाही. एका ऑफिसातून दुसऱ्यात पाठवतात. नेमकी सुरुवात कुठून करायची? – एक वहिनी, इंदूर

वहिनी, सुरुवात मोबाईल नंबरपासून करा. ऐकायला विचित्र वाटेल पण सगळी गाडी तिथंच अडकलीये. त्यांचं आधार ज्या नंबरला जोडलेलं होतं तो नंबर इतकी वर्षं रिचार्ज न झाल्यानं केव्हाच बंद पडला असणार, आणि कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला दिलाही असेल, म्हणजे तुमच्या दिराचा ओटीपी आज कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतोय. जेलमधून सुटताना जमा सामानाच्या पाकिटात जुना फोन परत मिळतो, घरचे तो चार्ज करून बघतात, सुरू झाला की खूश होतात, पण त्यातलं सिम मेलेलं असतं. तर नवीन सिम घ्या, मग आधार केंद्रावर त्यांना स्वतःला घेऊन जा. नंबर बदलायला दुसरा कागद लागत नाही, बोटं द्यावी लागतात आणि थोडी फी. जो कुणी बाहेर टेबल टाकून "दोनशेमध्ये करून देतो" म्हणतो त्याला हात जोडा.

त्याच फेरीत पत्ता बघून घ्या. आधारवर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता असेल आणि आता ते तुमच्याकडे राहत असतील तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलता येतो, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या आधारवरून. लाइटबिल त्यांच्या नावावर नाही म्हणून अडून बसू नका.

मग समग्र. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, आमच्या एमपीत समग्र आयडीशिवाय पान हलत नाही, कुटुंबाचा आठ आकडी नंबर आणि त्यात प्रत्येक माणसाचा नऊ आकडी. रेशन, आयुष्मान कार्ड, मुलांची स्कॉलरशिप, सगळं त्याच्यावर. माणूस घरात दिसत नाही म्हणून सर्व्हेमध्ये नाव काढलं जातं, कधी कधी घरचेच काढतात, कारण "कुठं आहे" ह्याचं उत्तर देणं नको वाटतं. नाव परत घालायला आधारचं ई-केवायसी करून अर्ज आपल्या झोन ऑफिसला मंजुरीसाठी जातो. तिथं जेलमधून मिळालेला रिहाईचा कागद दाखवावा का, असं बरेच जण विचारतात. नाही. कुणी मागितल्याशिवाय दाखवू नका, त्या अर्जाला त्याची गरजच नाहीये. पण तो कागद लॅमिनेट न करता नीट ठेवा, दोन झेरॉक्स काढून ठेवा, पुढं कधी पोलिसांना शिक्षा पूर्ण झाल्याचं दाखवायला तोच लागतो.

समग्र झालं की रेशनच्या पात्रता पर्चीत नाव जोडायचा अर्ज. आणि बँक : दोन वर्षं व्यवहार नाही झाला की खातं इनऑपरेटिव्ह होतं, बंद नाही. पैसे तिथंच असतात. नवीन केवायसी दिलं की सुरू करतात, त्याचा चार्ज घ्यायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घ्यायला लागले तर लेखी मागा, बहुतेक वेळा तिथंच प्रकरण मिटतं.

अजून दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण सांगते. एक, त्यांनी आत काम केलं असेल तर मजुरी जमा झालेली असते, तिचा हिशोब सुटतानाच द्यायला हवा. सुप्रीम कोर्टानं 1998 मध्ये सांगितलंय की कैद्याच्या कामाचा योग्य मोबदला द्या आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढा, त्यामुळे रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर कुणी खाल्ली असं लगेच धरू नका, आधी कटौतीचा हिशोब मागा. दोन, ड्रायव्हिंग लायसन्स. मुदत संपून वर्षाच्या वर झालं असेल तर नुसतं रिन्यू होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते, आणि बरेच जण आधी ई-रिक्षाच चालवायचं ठरवतात म्हणून आत्ताच सांगितलं.

हे सगळं सुटायच्या आधी, आत असतानाच व्हायला हवं असं 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये लिहिलंय, सुटकेनंतरच्या देखभालीची तयारी माणूस आत आल्यापासूनच सुरू करा असं. केंद्रानं 2023 मध्ये राज्यांना मॉडेल कायदा पाठवला, आपल्या राज्यानं 2024 मध्ये 1894 च्या जुन्या जेल कायद्याऐवजी नवीन कायदा पास केला, त्याच्या नावातच सुधारात्मक सेवा आहेत. नाव छान आहे. पण सुटकेच्या दिवशी गेटवर समग्र आणि आधारचं एक टेबल लावायला कुठल्या नवीन कायद्याची गरज होती हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रश्न : माझी शिक्षा संपली. मतदान करता येतं का? आणि पासपोर्ट? – इंदूर

मतदान हो. बंदी फक्त आत असेपर्यंत असते. यादीतून नाव कटलं असेल तर फॉर्म 6 भरा, पत्ता बदलला असेल तर 8. निवडणूक लढवायची असेल तर गोष्ट वेगळी, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर सुटल्यापासून सहा वर्षं नाही. पासपोर्टचं असं की नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेल्या शिक्षेमुळं नाकारू शकतात. त्या पाच वर्षांच्या पलीकडची असेल तर अर्ज करा, आणि फॉर्ममध्ये खरं लिहा.

प्रश्न : माझा छोटा कॅटरिंगचा धंदा आहे. आमच्याकडे पूर्वी काम करणारा एक मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला होता, आता सुटलाय, हात चांगला आहे, शंभर माणसांची पुरणपोळी एकटा उरकतो. मी त्याला परत घ्यायचं म्हणतोय पण घरात विरोध आहे, म्हणतात उद्या काही झालं तर पोलीस तुम्हाला धरतील. खरं आहे का? – एक भाऊ, इंदूर

नाही हो भाऊ. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कामावर ठेवणं हा गुन्हा नाही. गुन्हेगाराला आसरा देण्याचं कलम आहे ते फरारी माणसाला लपवण्यासाठी, तुमचा पोरगा तर रिहाईचा कागद खिशात घेऊन फिरतोय. नोकर आणि भाडेकरू ह्यांची माहिती ठाण्यात द्या असा आदेश आपल्या शहरात वेळोवेळी निघतो, तेवढं पाळा : फोटो, आधारची कॉपी, फॉर्म, आणि जमा केल्याची पावती. लोक इथं एक घोळ करतात, माहिती देणं म्हणजे परवानगी मागणं असं समजतात आणि ठाण्यातल्या कुणी "अरे भिया, दुसरा कोई नहीं मिला क्या" म्हटलं की घाबरून माघारी येतात. परवानगी कुणी मागितलीच नाहीये.

पगार बँकेत टाका, रोख नको. त्याच्याही कामाचं आणि तुमच्याही. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंद, काढून द्या. आणि काम देताना बाकीच्या पोरांसमोर त्याची कथा सांगायची गरज नाही, त्याला सांगायची असेल तेव्हा तो सांगेल. घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, पण माझ्या मते जो माणूस स्वतःहून जुन्या मालकाकडे परत येऊन काम मागतो त्याची परीक्षा निम्मी तिथंच झालेली असते.

तो पुढं स्वतःचा ठेला लावायचं म्हणाला तर अडवू नका. फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्यात प्रमाणपत्रासाठी ज्या अटी आहेत त्या धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा, दुसरं उपजीविकेचं साधन नको, जागा दुसऱ्याला भाड्यानं द्यायची नाही, अशा आहेत. जुन्या शिक्षेचा त्यात उल्लेखही नाही. नगर निगमचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळालं की पीएम स्वनिधीचं कर्ज मिळू शकतं, 2025 च्या बदलानंतर पहिला हप्ता 15,000 पर्यंत, फेडलं की पुढचा 25,000 आणि मग 50,000. मला विचाराल तर ह्या शहरात सुटून आलेल्या माणसासाठी निगमच्या हातातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. गंमत म्हणजे ती त्यांच्यासाठी बनवलेलीच नाही.

प्रश्न : मुलाला जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले. पण जमानतदार मिळत नाही, नातेवाईक फोन उचलत नाहीत, आमच्याकडे जमिनीचा कागद नाही. तो अजून आतच आहे. वकील म्हणतात पैसे आणा. – एक आई, इंदूर जिल्हा

ताई, हे वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही. देशात 2022 च्या शेवटी जेलमध्ये 5,73,220 माणसं होती आणि त्यातले 4,34,302 म्हणजे चारात तीन अंडरट्रायल, शिक्षा झालेलीच नाही. त्यात तुमच्या मुलासारखे, कोर्टानं जा म्हटलंय आणि तरी आत बसलेले, किती तरी असतात.

आता काय करायचं ते. सुप्रीम कोर्टानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय की जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. म्हणजे तुमच्या केसमध्ये ही वेळ उलटून गेलीये. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या कायद्यात आहे, उत्पन्नाचा दाखला वगैरे मागायची गरज नाही. जाता येत नसेल तर 15100 वर फोन. अर्जात दोनच ओळी हव्यात : जामीनाची तारीख, आणि जमानतदार नाही म्हणून अट बदलावी.

दुसरा रस्ता, गरीब कैद्यांना मदतीची केंद्राची योजना, 2023 ची. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली समिती, तीत विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, एसपी, जेल अधीक्षक वगैरे. योजना आली तेव्हा अंडरट्रायलसाठी 40,000 पर्यंत आणि दंड न भरल्यानं अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी 25,000 पर्यंत अशी मर्यादा होती. ड्रग्ज, यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, मनी लाँडरिंग अशा केसेसना नाही. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कोर्टात भरले जातात, म्हणून कुणी "मी योजनेतून काढून देतो, अर्धे माझे" म्हणाला तर तो खोटं बोलतोय.

आणि एक बघून ठेवा. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा जो नवीन कायदा आहे, बीएनएसएस, त्याच्या कलम 479 मध्ये पहिलाच गुन्हा असलेल्यानं जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बाँडवर सोडायचं आहे, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा सोडून. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ते लागू होत नाही. आधीपासून आत असलेल्यांनाही हे लागू, असं ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय. मुलगा किती दिवस आत आहे ते मोजा आणि वकिलाला नेमकं हेच विचारा.

"पैसे आणा" म्हणणाऱ्या वकिलाला विचारा कशाचे.

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो तिकडं शहराच्या कौन्सिलनंच कायदे केलेत की नोकरीच्या फॉर्मवर "तुम्हाला शिक्षा झाली होती का" हा रकानाच नको. आपली महापालिका स्वच्छतेत एवढी पुढं आहे, हे का करत नाही? – एक काका, तिलक नगर, इंदूर

काका, भाचा बरोबर सांगतोय. तिकडं त्याला बॅन द बॉक्स म्हणतात. राज्य म्हणून हवाईनं 1998 मध्ये पहिल्यांदा केलं, मग शहरांनी उचललं, सॅन फ्रान्सिस्कोनं 2014 मध्ये खासगी मालकांनाही लावलं, न्यूयॉर्क शहरानं 2015 मध्ये. सिएटल 2017 मध्ये आणखी पुढं गेलं, घरमालकांनाही भाडेकरूची जुनी शिक्षा बघायला बंदी घातली. ह्याचा अर्थ मालक कधीच विचारू शकत नाही असा नाही, आधी माणूस बघा, कामाची ऑफर द्या, मग विचारा, आणि नाकारायचं तर कारण त्या कामाशी जुळलं पाहिजे. म्हणजे कॅशियरच्या जागेवर फसवणुकीची शिक्षा बघणं वेगळं आणि भांडी घासायच्या कामावर वीस वर्षांपूर्वीची मारामारी उकरणं वेगळं.

पण भाच्याला एक सांगा, तिकडच्याच अभ्यासात एक कडू गोष्टही निघाली. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये खोटे अर्ज पाठवून तपासलं तेव्हा दिसलं की रकाना काढल्यावर गोऱ्या आणि काळ्या अर्जदारांना येणाऱ्या फोनमधली दरी उलट वाढली. मालकाला माहिती नाही म्हटल्यावर तो अंदाज बांधायला लागला. आपल्याकडे हे झालं तर अंदाज कशावरून बांधतील हे तिलक नगरात बसून मी वेगळं सांगायला नको, आडनाव आणि बस्ती. सुप्रीम कोर्टाला ऑक्टोबर 2024 मध्ये सांगावं लागलं की जेलमध्ये जात बघून झाडू आणि स्वयंपाक वाटू नका. बाहेर मग काय असेल.

आता आपली नगर निगम. जेल हा राज्याचा विषय, त्यात निगम काही करू शकत नाही हे खरंय. पण "आमचा विषय नाही" एवढं बोलून फाईल मिटते ते चूक. 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावं परिशिष्ट आलं, त्यात शहरी गरिबी कमी करणं आहे, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण आहे. रैन बसेरा, म्हणजे बेघरांचा रात्रीचा निवारा, निगमचाच. दीनदयाळ रसोई, जिथं पाच रुपयांत जेवण मिळतं, तीही शहरात निगमच्याच देखरेखीखाली. फेरीवाल्यांचं प्रमाणपत्र निगमचं. समग्रची मंजुरी निगमच्या झोनमधून. म्हणजे सुटून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात जे जे लागतं त्यातलं बहुतेक एकाच संस्थेच्या हातात आहे, फक्त त्या संस्थेच्या एका टेबलाला दुसऱ्याचं माहीत नाही आणि कुठल्याच टेबलावर हे काम म्हणून लिहिलेलं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ठेके. निगमची किती कामं आता आउटसोर्सवर चालतात, सफाई, बगिचे, ड्रेनेज. त्या टेंडरमध्ये चारित्र्य प्रमाणपत्राची अट कशी लिहायची हे निगमच ठरवते. "कुठलीही केस नसावी" असं सरसकट लिहिण्याऐवजी कुठला गुन्हा, किती जुना, कुठल्या कामासाठी अडचणीचा, असं लिहिता येतं. त्यासाठी ना विधानसभा लागते ना दिल्ली, महापौर परिषदेत ठराव लागतो. 85 वॉर्ड आहेत, तुमच्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, विचारून बघा, हा प्रश्न त्यांना याआधी कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. 2018 मध्ये इथं देवी अहिल्याबाई खुली कॉलनी सुरू झाली, चांगल्या वर्तनाचे मोजके कैदी बायकामुलांसकट तिथं राहतात, दिवसा शहरात काम करून परत येतात. शिक्षा संपायच्या आधीच माणसाला भाजी आणणं, भाडं-बिल, मुलाची शाळा ह्याची सवय होते. माझ्या मते ह्या शहरात ह्या विषयात झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम, आणि त्याबद्दल कितीशा इंदूरकरांना माहीत आहे. जेल रोड म्हटलं की आपल्याला मोबाईलचं मार्केट आठवतं.

प्रश्न : चंबळच्या डाकूंना सरकारनं जमिनी दिल्या, खुली जेल दिली. आमच्या घरातला एक मुलगा साध्या चोरीत दीड वर्ष काढून आला तर त्याला कुणी उभं करत नाही. हा कुठला न्याय? – लष्कर, ग्वाल्हेर

तुमची तक्रार रास्त आहे पण डाकूंना दिलं ते चूक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. 1960 मध्ये विनोबांसमोर आणि 1972 मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं टाकली गेली, 1972 च्या वेळी त्यामागं सरकारशी झालेली बोलणी होती, 1973 ला मुंगावलीची खुली जेल त्यासाठीच उघडली. तिथं राज्याला ठाऊक होतं की ह्या माणसाला नुसतं सोडलं तर तो परत बीहडात, चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत, जाईल, म्हणून शेती, मुलांचं शिक्षण, घर सगळ्याचा विचार झाला. एवढंच की ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्या बाबतीत राज्याला हे लगेच सुचलं.

तुमच्या मुलासाठी कामाचं : दीड वर्ष म्हणजे शिक्षा होती की अंडरट्रायल म्हणून काढलेला वेळ, ते आधी निकालाच्या कॉपीत बघा. आणि पुढं कधी, देव न करो, पण किरकोळ गुन्ह्यात कुणी अडकलं तर वकिलाला 1958 च्या प्रोबेशन कायद्याबद्दल आधीच विचारा. कोर्टानं प्रोबेशनवर सोडलं तर कलम 12 प्रमाणे शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. हे निकालाच्या आधी मागायचं असतं. आणि गुन्ह्याच्या वेळी तो अठराच्या खाली होता का? असेल तर केस बाल न्याय कायद्यात जायला हवी होती, तिथं अपात्रता सहसा लागत नाही आणि रेकॉर्डही ठरलेल्या काळानंतर नष्ट करायचा असतो. वयाचा मुद्दा निकालानंतरही काढता येतो, शाळेचा दाखला शोधा.

प्रश्न : मी निर्दोष सुटलो. तरी फॉर्मवर "कधी अटक झाली होती का" विचारतात. नाही लिहू का? गुगलवर नाव टाकलं तरी केस दिसते. – इंदूर

नाही लिहू नका. अटक झाली होती ना, मग हो लिहा, आणि पुढं "निर्दोष मुक्त" आणि निकालाची तारीख. सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये ह्यावर सविस्तर नियम घालून दिलेत, त्याचा मथितार्थ असा की खरं सांगितलं तरी नोकरी देणारा तपासून ठरवू शकतो, पण लपवलं तर तुम्ही स्वतःच त्याच्या हातात कारण देता. लहानसहान केस असेल तर लपवल्याकडेही दुर्लक्ष करता येतं असं कोर्टानं म्हटलंय, पण त्या भरवशावर फॉर्म भरू नका.

बोटांचे ठसे, फोटो ह्यांचा रेकॉर्ड 2022 च्या कायद्यानं 75 वर्षं ठेवतात. पण आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि अपीलसकट सगळं संपून निर्दोष सुटला असाल तर कोर्टानं वेगळं काही सांगितलं नसेल तर तो नष्ट करायचा आहे. तसा अर्ज द्या आणि पावती घ्या. गुगलचं अवघड आहे. दिल्ली हायकोर्टानं 2021 मध्ये एका निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल सर्चमध्ये दिसू नये असा अंतरिम आदेश दिला होता, पण सगळी हायकोर्टं एकसारखं बोलत नाहीत, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्हीची तयारी असेल तरच.

प्रश्न : नवरा तीन वर्षांपूर्वी सुटून आला, रंगकाम करतो, एकही नवी केस नाही. तरी गणपती, होळी, निवडणूक काही आलं की ठाण्यातून बोलावणं येतं, दिवसभर बसवून ठेवतात, त्या दिवसाची मजुरी जाते. मुलगी विचारते बाबा कुठं गेले. – इंदूर

ह्याला आपल्याकडे बाउंड ओव्हर म्हणतात, शांतता राखीन किंवा नीट वागेन असा बाँड लिहून घेणं, बीएनएसएसच्या 126 आणि 129 कलमाखाली. पण त्याला नोटीस लागते, कारण लिहावं लागतं, आणि तुमची बाजू ऐकावी लागते. नुसता फोन करून दिवसभर बाकावर बसवणं म्हणजे ती कारवाई नाही. पुढच्या वेळी "लेखी नोटीस द्या, मी तारखेला येतो" एवढंच शांतपणे म्हणायला सांगा, आणि शक्य असेल तर सोबत वकील किंवा घरातलं कुणी मोठं माणूस न्या, एकटं पाठवू नका.

नाव निगराणीच्या यादीत किंवा हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांकडच्या गुन्ह्यांच्या नोंदीत, असेल तर ते काढायचा अर्ज करता येतो. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एका प्रकरणात म्हटलं की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा आतला कागद आहे, जाहीर करायचा नाही, त्यात निष्पाप घरच्यांची आणि मुलांची नावं घालू नका, आणि बाकी राज्यांनीही आपले नियम तपासावेत. तुमच्या अर्जाला तीन वर्षांतल्या कामाचे पुरावे जोडा. ज्यांच्या घरांचं रंगकाम केलं अशा दोघा-तिघांची चिठ्ठी, ठेकेदाराचा हिशोब, बँकेचं पासबुक, मुलीच्या शाळेची फी. हे वकिलाच्या भाषेत नको, साध्या हिंदीत लिहा. इंदूरला 2021 च्या डिसेंबरपासून पोलीस कमिश्नरेट आहे, अर्ज तुमच्या झोनच्या डीसीपींच्या नावे, कॉपी विधी सेवा प्राधिकरणाला. नाहीच हललं तर कलेक्टर ऑफिसची मंगळवारची जनसुनवाई आहे, 181 ही सीएम हेल्पलाइन आहे. 181 ची तक्रार ऐकून न घेता बंद करायला सांगतात, समाधान झाल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि मुलीला खरं सांगा, तिच्या वयाला झेपेल एवढं. शाळेतल्या कुणाकडून तिला कळण्यापेक्षा ते बरं.